मोहुर्ल्यांची सनद

चांद्याच्या कचेरीत झाडू मोहुर्ले पुराणिक वकिलांचा मुनशी होता. अंगानं किरकोळ, जिभेनं तिखट. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. त्याच नावानं तो बी.ए. झाला. पण नोकरी शोधता शोधता बाप वारला आणि समोर आलं ते काम त्यानं धरलं. पक्षकारांना बसवायचं, तारखा सांगायच्या, वकीलसाहेबांची पिशवी उचलायची.

पुराणिकांबद्दल त्याला आदर नावालाही नव्हता. भर कोर्टात बसल्या बसल्या घोरणाऱ्या माणसापुढं लोक कमरेत वाकतात, याचं त्याला नवल वाटे. दगडाला शेंदूर फासला की झालं, असं तो मनाशी म्हणे.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात पुराणिक कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबले आणि त्यांनी पाय पुढं केला. बुटाची नाडी सुटली होती. सिंदेवाहीकडचे पक्षकार बघत होते. झाडूनं पिशवी खाली ठेवली, वाकून नाडी बांधली.

"हा बी.ए. आहे बरं का," पुराणिक पक्षकारांना म्हणाले. "आमच्याकडे असली कामं बी.ए. झालेले करतात."

लोक हसले. वकील हसला की पक्षकाराला हसावंच लागतं.

संध्याकाळी त्यानं हे बायकोला सांगितलं. मनकर्णा भाजी निवडत होती.

"तुमाले राग नाई आला?"

"राग बरोबरीच्याचा येते. ह्याची किळस येते. हा वकील होऊ शकते तर रस्त्यावरचा बैल बी होऊ शकते."

"मंग बैलामागं पिशवी घेऊन काऊन चालता?"

झाडू जेवला नाही. पण पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं नागपूरला कायद्याच्या वर्गात नाव घातलं. मनकर्णा सावली गावी माहेरी, धानाच्या रोवणीच्या कामाला गेली. ओळखीच्या नूर मोहम्मदची नागपुरात लाकडाची वखार होती. राखण करायच्या बोलीवर त्यानं तिथं झोपायला जागा दिली.

वर्गात वकिलांची पोरं होती. ती त्याला 'मुनशीजी' म्हणत. झाडू प्रत्येकाला मनातल्या मनात पुराणिकांचं तोंड लावी आणि पुस्तक उघडी. तरी पहिल्या वर्षी तो नापास झाला. मनकर्णा एवढंच म्हणाली, "बैल बी एकदा अडखळते."

शेवटी तो परीक्षा पास झाला. पण कोणा जुन्या वकिलाच्या हाताखाली वर्षभर बसल्याशिवाय सनद मिळणार नव्हती. चांद्यात कोणी त्याला दारात उभं करीना. आज हा आला तर उद्या आपलेही मुनशी कोट शिवतील, ही भीती. तयार झाले ते एकटे पुराणिक.

"ये," ते म्हणाले. "जागा तुझ्या ओळखीचीच आहे." आणि त्यांनी त्याच जुन्या चटईकडं बोट दाखवलं.

झाडू बसला. वकिलांच्या खोलीत त्याला कोणी खुर्ची दिली नाही. उलट, काळा कोट अंगात असताना त्यालाच पाणी आणायला सांगितलं. त्यानं आणलं. मनातल्या मनात एकेकाची लायकी काढत आणलं.

एक गोष्ट मात्र त्याला फार झोंबली. मुनशी असताना तो बहुतेक बाहेर पक्षकार सांभाळत असे. आता आत बसून त्यानं पुराणिकांची उलटतपासणी पाहिली. झोपेतून उठलेल्या त्या माणसानं चार प्रश्नांत पढवलेला साक्षीदार उघडा पाडला. झाडूला त्यांचा तिरस्कार तसाच ठेवायचा होता, आणि तो ठेवलाही. पण ते चार प्रश्न त्यानं पाठ केले.

सनद हातात पडताच तो मनकर्णेला घेऊन गडचिरोलीला निघून गेला. तिथं एका घराची ओसरी भाड्यानं घेतली. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग एक म्हातारी आली, सोमारी नावाची.

"वकील कुठी हाय?"

"मीच."

तिनं त्याला खालून वर पाहिलं. मग रिकामी ओसरी पाहिली.

"दुसरा कोणी नाई?"

"हाय. चांद्याले."

"तिथवर कोण जाते," म्हणत ती नाइलाजानं टेकली. "तूच आयक मंग. माया वावराचा धुरा फोडला. बांधच नांगरून नेला."

झाडूच्या कपाळावर आठी पडली. इतकी वर्षं घासून ही किंमत. मग त्याचं त्यालाच हसू आलं. आत मनकर्णाही तोंडाला पदर लावून हसत होती.

"सांगा बाई," तो म्हणाला. "धुरा कोणी फोडला?"