फार दिवस राहणार नाही

आमच्या कंपनीत मी हिशेब पाहतो आणि मिस्त्री लिफ्ट पाहतात. त्यांचे खरे नाव पगारपत्रकावर आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःच वळून बघत नाहीत. कामात माणूस पक्का. दोष एकच, भीड.

एकदा चाचणी घेताना ते दोन मजल्यांच्या मधे अडकले. आत धोक्याची घंटा होती आणि ती त्यांनीच बसवली होती. तरी ती त्यांनी वाजवली नाही. दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाईंना जिना चढावा लागला, त्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे मिस्त्री सापडले. घंटा का वाजवली नाही, असे विचारल्यावर म्हणाले, "जेवणाची वेळ होती हो. लोकांना ताटावरून कशाला उठवायचं?"

याच स्वभावाने ते या देशात आले तेव्हाच घोळ घातला होता. तरुणपणी ते इथे आले ते रीतसर कामाचे परमिट घेऊन. परमिट कोटाच्या आतल्या खिशात होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारले, "किती दिवस राहणार?" मिस्त्रींच्या घरात कुणाच्याही दारात उभे राहून या प्रश्नाला एकच उत्तर द्यायची रीत होती. त्यांनी ते दिले. "फार दिवस राहणार नाही. तुम्हाला त्रास देणार नाही." अधिकाऱ्याने कौतुकाने मान डोलावली आणि पाहुण्याचा शिक्का मारला. परमिट खिशातच राहिले. त्याने मागितले नाही आणि आपण होऊन पुढे करणे मिस्त्रींना आगाऊपणाचे वाटले.

पाहुण्याने काम करायचे नसते आणि तीन महिन्यांत परत जायचे असते. मिस्त्रींनी दोन वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या. परमिटचे नूतनीकरण आले तेव्हा आमच्या मालकांनी तो शिक्का पाहिला आणि डोक्याला हात लावला. मग त्यांनी मिस्त्रींना सीमेपलीकडे नेऊन योग्य शिक्क्यावर परत आणले. येताना मालक स्वतः शेजारी उभे होते. मिस्त्रींना सक्त ताकीद होती की तोंड उघडायचे नाही.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले. लग्न, मुलगी, कायम राहण्याचा परवाना. नागरिक व्हावे असे त्यांच्या मनात कधी आले नाही. "राहू देतात ना, मग आणखी कशाला मागायचं?" असे म्हणायचे.

गेल्या वर्षी तिकडे मायदेशी त्यांच्या आईच्या खुब्याचे हाड मोडले. घरात ती एकटी. शेजारीण डबा देई, पण उठवायला-बसवायला कुणी नव्हते. मिस्त्री रजा काढून गेले आणि रजा संपल्यावर परत आले. जास्त राहावे तर पंचाईत अशी की कायमचा परवाना असलेला माणूस फार काळ बाहेर राहिला की तो परवाना रद्द होतो. बायको आणि मुलगी इथे, आई तिथे. नागरिकाला मात्र असा धाक नाही. तेव्हा आईजवळ निवांत राहायचे असेल तर आधी या देशाचे नागरिक व्हायला हवे, हे उघड होते.

अर्ज भरायला सगळे त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. बायको, मेहुणा, मुलगी आणि मी. एका प्रश्नावर गाडी अडली. या देशात कधी परवानगीशिवाय राहिलात किंवा काम केलेत का?

"नाही म्हणा भाऊजी," मेहुणा म्हणाला. "वीस वर्षांपूर्वीचं कोण उकरून काढतंय?"

"आणि काढलं तर?" मिस्त्रींची बायको म्हणाली.

"ताई, तू लगेच फाशीवर चढवू नकोस त्यांना."

"तुझं काय जातंय? तू गाडी विकतानाही अपघात झालाच नाही म्हणून सांगितलं होतंस."

"विकली ना पण?"

"परत आली ना पण!"

मुलगी हसली. मिस्त्री हसले नाहीत. "ब्रेक सरकतोय हे ठाऊक असताना मी लिफ्ट सुरू करून देत नाही," ते म्हणाले. "हो लिहा. आई थांबेल थोडी."

सोबत खुलासा जोडायचा होता. तो त्यांनी स्वतः लिहिला. त्यात सरकारला झालेल्या तसदीबद्दल इतक्या वेळा क्षमा मागितली होती की वाचणाऱ्याला वाटावे, यांनी बँक लुटली. मी क्षमा काढल्या. उरले ते चार ओळींत मावले.

काही महिन्यांनी मुलाखतीला बोलावणे आले. मी सोबत गेलो. आदल्या दिवशी बायकोने बजावून ठेवले होते, "या देशावर प्रेम आहे असं सांगा. आईचं काढू नका. आणि पाणी दिलं तर प्या."

खोलीत एक मध्यमवयीन बाई होत्या. सर्दीने बेजार. त्यांनी पाणी विचारले. मिस्त्री म्हणाले, "नको, आत्ताच प्यालो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं, द्या."

"परमिट होतं तर पाहुणे म्हणून का आलात?" बाईंनी विचारले.

"त्यांनी परमिट विचारलं नाही. किती दिवस राहणार ते विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, फार दिवस राहणार नाही."

"किती वर्षं झाली?"

"बावीस."

बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग शेजारच्या खोलीतून एका सहकाऱ्याला बोलावले. "हे यांना पुन्हा सांगा." मिस्त्रींनी पुन्हा सांगितले.

"हा शिक्का आमच्याकडे दिसतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही 'नाही' असं लिहिलं असतं, तर अर्ज फेटाळला असता आणि पुढची कित्येक वर्षं पुन्हा करता आला नसता. आता निदान विचार तरी करता येईल. परमिट खरं होतं का ते तपासू. ती दोन वर्षं राहण्याच्या मुदतीत मोजणार नाही. नागरिकत्व आत्ताच का हवंय?"

मिस्त्रींनी ग्लास खाली ठेवला. मला वाटले, आता देशप्रेम निघते.

"आईकडे जायचंय. ती अंथरुणावर आहे."

"म्हणजे नागरिक होताच तुम्ही देश सोडणार?"

"परत यायचंय म्हणून तर हा खटाटोप, बाई. नाहीतर मुकाट गेलो असतो."

बाईंनी काहीतरी लिहून घेतले. घरी परतताना मिस्त्री म्हणाले, "आईचं बोलायला नको होतं. हिला सांगू नका."

पत्र उन्हाळ्याच्या शेवटी आले. मंजूर. मिस्त्रींनी शपथ घेतली, नवा पासपोर्ट काढला आणि जुना परत केला, कारण तिकडचा कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. मग व्हिसा घेऊन ते आपल्या जन्मगावी निघाले. पाहुणे म्हणून.

पुढचे त्यांनी फोनवर सांगितले. तिकडच्या विमानतळावर काउंटरपाशी पोचताच त्यांनी खिशातले सगळे कागद न मागता मांडले. व्हिसा, पासपोर्ट, आईचा एक्स-रेसुद्धा. अधिकाऱ्याने एक्स-रे बाजूला सारला आणि विचारले, "किती दिवस राहणार?"

नेहमीचे उत्तर ओठांवर आले होते. पण मिस्त्री वेगळेच बोलले. "पुष्कळ दिवस."

"पुष्कळ म्हणजे?"

"जास्तीत जास्त किती राहता येतं?"

"सहा महिने."

"तेवढं द्या. आणि वाढवायला कुठं यायचं तेही सांगून ठेवा."

घरी आई पलंगावर बसून दाराकडे बघत होती. चप्पल काढायच्या आत तिने विचारले, "किती दिवसांसाठी आलास रे?"

"सहा महिन्यांचा शिक्का आहे. मग वाढवून घेईन."

"शेजारणीला पाणी आणायला सांगते, थांब. प्यालास का काही?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तहान लागलीय."