जिवंतपणी नावावर

सब-रजिस्ट्रारच्या ऑफिससमोर लिंबाखाली टेबल टाकून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. पिशवीत सातबारा घालून ते आपल्या पायांनी येतात. मी दस्त लिहायचो, शेजारी शंकरराव स्टॅम्प विकायचे. कुणी बाप पोराच्या नावावर जमीन करायला आला, की शंकरराव आधी दटावणार, "जिवंतपणी देऊ नका हो. हातचं गेलं की पोरं ओळख देत नाहीत." अहो, तुमचाच स्टॅम्प खपतोय, गप्प बसा की!

०

बाहत्तरच्या दुष्काळानंतर पुणतांब्याकडचे एक आबा आले. रान दोन पोरांत वाटलं. विहीर कशी वाटणार? मग वार लावून पाण्याच्या पाळ्या वाटल्या. रविवारची पाळी मात्र आबांनी स्वतःकडं ठेवली.

"आबा, रानच नाही राहिलं, पाणी कशाला?"

"मला न्हाई, त्यान्लाच लागंल की. मागाया तरी घरी येतील का न्हाई?"

शंकररावांनी त्यांना पदरच्या पैशानं चहा पाजला. शंकररावांनी, म्हणजे बघा!

०

एक रिटायर्ड हेडमास्तर मृत्युपत्र करायला आले. "पोराला शिकवलं, नोकरीला लावलं. आता दमडी नाही. सगळं गावच्या शाळेला."

सही झाली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आता माझं लिहा. माहेरची दीड एकर आहे, ती पोराला."

मास्तर त्यांच्याकडं वळले. "तुझ्या नावावर जमीन आहे?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

०

शनिशिंगणापूरचा एक म्हातारा घर लेकाला देत होता. मी सवयीनं लिहिलं, 'कुलूपकिल्ली देऊन ताबा दिला', आणि वाचून दाखवलं.

म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं घराला दारच न्हाई, किल्ली कुठली देऊ?"

खरंच की. "मग ताबा दिला हे मुलाला कळणार कसं?"

"मी आजपासून वसरीवर झोपनार. कळंल त्याला."

मी ती ओळ खोडली. त्याच्या जागी लिहिलं, 'वसरीवर झोपून ताबा दिला'.

०

आणि हा एक.

पारनेरकडच्या एका शेतकऱ्यानं सगळं रान एकुलत्या पोराच्या नावावर केलेलं. दस्त मीच लिहिलेला. वर्षभरात बापलेक पुन्हा टेबलासमोर. पोरगा म्हणाला, "समदं परत बापाच्या नावावर करा."

मी विचारलं, "घरात भांडण झालं का?"

"भांडन न्हाई हो. वांगी तोडायच्या आधी मला इचारतो. माझा बाप, मला! 'चार तोडू का' म्हनतो. मला जेवान जात न्हाई."

बाप मागं उभा, मान खाली. शंकररावांनी स्टॅम्प काढून दिला. एवढ्या वर्षांत असा दस्त आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता.

आत साहेबांनी वाचून दाखवलं आणि म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, मुलगा सगळी जमीन तुम्हाला बक्षीस देतोय. कबूल आहे का?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली, पोराकडं वळून बघितलं आणि हळूच म्हणाला, "घेऊ का रं?"