पोटात बरंच काही असतं

आमच्याकडे खोली घेऊन राहिलेल्या शाळेच्या बाई रडत्या पोरालाही जवळ घ्यायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "कुठं दुखतंय?" पोर म्हणायचं, "पोटात." "पोटात बरंच काही असतं. नेमकं सांग." पोर रडायचं विसरून पोट चाचपत बसायचं. गावानं त्यांचं नाव नेमकंबाई पाडलं.

मी चौथी शिकलेली, जन्म शेळ्यांमागे गेला. बाई चुलीपाशी बसून मला कांद्याचा पापुद्रा दाखवायच्या. त्यात म्हणे विटांसारख्या पेशी असतात. "पेशींची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. एकटं कुणीच नाही, आजी."

"मग गावात येवडी भांडणं का?"

"ते पुस्तकात नाही," म्हणाल्या आणि हसल्या.

जत्रेला आमचा बोकड कापला की त्या वर्ग घेऊन हजर. श्वासनळीत पपईचा देठ घालून फुंकायच्या. फुफ्फुसं टम्म फुगली की पोरं टाळ्या पिटायची. आमचा म्हातारा ओरडायचा, "बाई, शाळा सोडा आता, रश्शाला उशीर व्हतोय!"

एकदा बिबट्यानं फाडलेली शेळी गोठ्यामागं सापडली. बाईंनी सातवीच्या पोरींना बोलावून गर्भाशय दाखवलं. "ही बाजूची दोन अंडाशयं. दिसतात लहान, पण यांच्यातला रस रक्तातून पार हाडांपर्यंत पोचतो." माझी सून सुनंदा शेणाची पाटी कमरेवर घेऊन ऐकत उभी होती.

सुनंदाच्या अंगावरून फार जायचं. दवाखान्यात सांगितलं, पिशवी खराब आहे, काढून टाका. तिला तिशीही लागली नव्हती. बाई माझ्या मुलाला म्हणाल्या, "खराब म्हणजे नेमकं काय? आधी तुकडा तपासायला द्या. काढावीच लागली, तर अंडाशयं ठेवता येतील का विचारा."

"बाई, तुमचं लगीन न्हाई झालं. पिशवीचं तुमाला काय?"

"अरं, त्या सांगत्यात ते ऐक," मी म्हटलं.

"आये, तू शेळ्या बघ."

सुनंदाला कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "अंडाशयं?"

"सगळं साफ केलं म्हनले," मुलगा ऐटीत म्हणाला.

"घर झाडलंत का? बाई आहे ती!" बाईंनी त्याला अंगणातच झापलं.

ते त्याला झोंबलं. ग्रामसभेत उठून म्हणाला, "ह्या बाई पोरींना नको ते दाखवत्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. पिशव्या काढून बसलेल्या बायकांनीसुद्धा. मी म्हटलं, "मेल्या शेळीची लाज वाटती तुमाला, जित्या बाईची न्हाई." लोक हसले. बाईंची बदली झाली.

जाताना सुनंदानं त्यांची पेटी एसटीपर्यंत न्यायला उचलली आणि अर्ध्या वाटेत खाली बसली. पेटी बाईंनीच नेली.

परवा त्यांचा फोन आला. "सुनंदा कशी आहे?"

"बरी हाय."

"बरी म्हणजे? नेमकं सांगा, आजी."

सांगितलं. थंडीतही अंग पेटतं म्हणून दारात येऊन बसते. न्हाणीत घसरली तर मनगट मोडलं. गवताचा भारा मी आणते, या वयात. माझ्याआधी ती म्हातारी झाली.

बाई म्हणाल्या, "फोन तिला द्या. तिलाच विचारते."

सुनंदानं फोन कानाला लावला. पलीकडून काय विचारलं ते मला न ऐकताही कळलं.

"पोटात न्हाई दुखत, बाई," ती म्हणाली. "तितं आता काय न्हाईच."