एक घर सोडून
ओल्या सिमेंटचा वास आला की पुंडलिकनगरातला तो दुष्काळी उन्हाळा आठवतो. पाण्याचा टँकर येईना म्हणून मी सारखी दारात जात होते आणि येता-जाता मी लिहिलेली क्रोशाच्या नव्या रुमालाची कृती वाचून दाखवत होते. शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनची बायको, सिल्लोडकडच्या खेड्यातली, माझ्या घरात सुई घेऊन ऐकत बसली होती. विणीतल्या मोकळ्या जागेला आम्ही घर म्हणतो. "आता एक घर सोडायचं," मी वाचलं. तिची सुई थांबली. "ताई, एक सोडूनच आले की इथं. अजून किती सोडू?" ती हसली, मला हसू येईना. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि आम्ही कळशा घेऊन पळालो. आता मी कृतीत 'एक जागा वगळा' असं लिहिते. 'घर' का नाही, असं कुणी विचारलं की उठून दारात जाते.