हलक्यातला आकाशी

"रंगवाल्या, हलक्यातला दे. तोच, आकाशी."

श्रावण लागला की हे वाक्य माझ्या दुकानात यायचं. आधी काउंटरवर बोटांच्या पेरांची टकटक, मग वाक्य आणि त्याच्या मागून काकी. दुकानात कितीही गर्दी असो, त्यांना फरक पडत नसे. कोणी "आजी, आम्ही आधी आलोय" म्हटलंच, तर त्याच्याकडे वळून म्हणायच्या, "तू आज आयलास. मी दर साली येतंय."

काकी माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी साताऱ्याकडचा, घणसोली गावाच्या तोंडाशी रंगाचं दुकान टाकून बसलेला. त्या इथल्या मूळच्या, आगरी. अख्खं गाव त्यांना काकी म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागलो. मला मात्र त्यांनी कधी शेठ म्हटलं नाही, भाऊ म्हटलं नाही. मी रंगवाल्या तो शेवटपर्यंत रंगवाल्याच राहिलो.

डबा घेतला आणि गेल्या, असं त्यांचं नसे. मला झाकण उघडायला लावायच्या, आत करंगळी बुडवायच्या आणि काउंटरच्या कडेला एक ठिपका द्यायच्या. "वला रंग खरा नाय दिसत. सुकूं दे." मग ठिपका सुकेपर्यंत स्टुलावर बसून चहा. डिस्टेंपर सुकायला वेळ तो किती! पण काकींचा ठिपका चहा संपल्याशिवाय आणि गावातल्या सगळ्या बातम्या मला कळल्याशिवाय सुकत नसे.

आता रंग विकणाऱ्याला काय आवडतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भारीतला रंग. तुम्हीही कधी घराला रंग काढला असेल, तर माझ्यासारख्या कोणाचं तरी भाषण ऐकलंच असेल. साधा डिस्टेंपर हाताला लागतो, पावसाळ्यात फुगतो. प्रीमियमची भिंत ओल्या फडक्याने पुसा, मुलांनी गिरगटलं तरी पुसा, वास नाही, दहा वर्षं बघायला नको. हे भाषण माझं इतकं पाठ आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. पलीकडच्या टॉवरमधली जोडपी ते ऐकून माना डोलावतात आणि मग शेडकार्डावरून भांडतात. एकदा असंच एक जोडपं पांढऱ्या रंगाच्या पट्ट्या समोर ठेवून हमरीतुमरीवर आलं होतं. स्टुलावरून काकींनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगले पांढरेच तं हायत. लगीन मोडू नका रं." जोडपं हसलं आणि रंग घेऊन गेलं. त्या दिवसाचा चहा काकींनी हक्काने मागून घेतला.

पण हेच भाषण काकींपुढे पालथ्या घड्यावर पाणी. "नको. हलक्यातलाच दे." बरं, बाई काही गरीब नव्हत्या. गावठाणात स्वतःची चार मजली इमारत, वरचे मजले भाड्याने दिलेले, गळ्यात सोन्याची भरगच्च माळ. मी मनातल्या मनात त्यांना चिक्कू ठरवून मोकळा झालो होतो.

मग एका वर्षी त्यांना रंग कमी पडला. रविवार होता, निरोप आला, आणि डबा घेऊन मीच स्कूटरवरून गेलो.

दारातच थबकलो. घरात एकही रंगारी नव्हता. होती ती सगळी काकींची माणसं. मोठा मुलगा, जो पलीकडच्या टॉवरमध्ये राहतो आणि ज्याची बांधकामाची कंत्राटं चालतात, तो बर्म्युडा घालून छताखालची पट्टी ओढत होता. धाकटा खांदेश्वरहून आलेला, तो खाली शिडी धरून उभा. सुना जुने पापुद्रे खरवडत होत्या, उरणची लेक ब्रश धूत होती, जावईबापूंच्या टकलावर आकाशी शिंतोडे. नातवंडांबद्दल तर बोलायलाच नको, भिंतीपेक्षा तीच जास्त रंगली होती. चुलीवर वालाचं बिरडं रटरटत होतं आणि तांदळाच्या भाकऱ्यांची चळत वाढत होती. मधोमध खुर्ची टाकून काकी. "तो कोपरा रायला. आंधला झालास का?"

"काकी, एवढी मंडळी राबवण्यापेक्षा एकदाच भारीतला लावा ना," मी माझी सवय सोडली नाही.

त्यांनी मला ओट्यावर नेऊन बसवलं. भाकरी वाढली आणि हळूच म्हणाल्या, "गनपतीला सगले येतानच रं. पन पाव्हन्यासारखे येतान. आरती केली, जेवले, फोटो काडले, चालले. रंगाला येतान ते घरच्यासारखे येतान." मग हनुवटीने आत खूण केली. "त्या दोगांना बगलास ना? सिडकोनं जमिनीच्या बदल्यान दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरना भांडले. वरीसभर बोलत नाय. माझ्या आजारपनात पन एक सकाली यायचा, दुसरा सांजचा. पन रंग काडताना एक शिडीवर नी दुसरा खाली. आता बोलल्याबिगर शिडी कशी सरकल?"

मी कान देऊन ऐकलं. आतून आवाज आला, "जरा डावीकडे घे." थोड्या वेळाने, "घट्ट धर रे." आणि खालून, "धरलंय ना मी."

"ऐकलास?" काकी म्हणाल्या. वर्षभराच्या वाटेला लागलेले डोळे कसे निवतात, ते मी त्या ओट्यावर पाहिलं. त्यानंतर काकींना भारीतला रंग घ्या म्हणून मी कधी सांगितलं नाही. त्यांचा रंग वर्षभरात उडायला हवा होता, आणि त्या बाबतीत आमचा हलक्यातला डिस्टेंपर अगदी शब्दाला जागणारा होता.

पुढे काकींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. लेक त्यांना उरणला घेऊन गेली. श्रावणाच्या तोंडावर एक दिवस दुकानात टकटक न होता मोठा मुलगा आला. फोनवर बोलत बोलतच म्हणाला, "काका, तुमच्याकडचा सगळ्यात भारी काढा. पूर्ण घराला. माझी माणसं लावतो, आई यायच्या आत काम फिनिश."

"काकी दर वर्षी डिस्टेंपर नेतात," मी म्हणालो.

"आईला स्वतःवर खर्च झालेला आवडत नाही, म्हणून. या वर्षी तिला सरप्राइज."

"अहो, पण तुम्ही सगळे मिळून..."

"कोणाला टाइम आहे काका? आणि खरं सांगू, दर वर्षी त्याच्याबरोबर शिडीचं ते नाटक करायचं म्हणजे टेन्शनच." तो म्हणजे धाकटा. भावाचं नावसुद्धा त्याने घेतलं नाही.

पोराचं मन वाईट नव्हतं. आईचं घर चकचकीत व्हावं एवढंच त्याला हवं होतं. रंग गेला, लागला, आणि खोटं कशाला बोलू, लागला तो फारच सुरेख लागला. गावठाणातल्या त्या बोळात भिंती अशा उजळल्या की शेजारणी बघायला येऊन गेल्या.

काकी परतल्या, भिंती बघितल्या आणि काठी टेकत थेट दुकानात आल्या. टकटक केली, पण पुढचं वाक्य आलं नाही.

"किती वर्सं टिकल?"

"दहा तरी टिकेल."

"धा?" त्या स्टुलावर बसल्या. "मना आनंद झाला पाहिजे ना रं? पोरानं एवरा केला. पन धा वर्सं ही दोगं शिडीशी नाय येनार." मी चहा मागवला. त्यांनी तो तसाच निवू दिला.

त्या वर्षी गणपतीत मोठा सकाळच्या आरतीला आला आणि धाकटा संध्याकाळच्या. दोघेही नव्या कपड्यांत, दोघांच्याही हातात मिठाईचे बॉक्स. हे काकींनीच मला सांगितलं.

पण काकी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. भिंत लवकर खराब व्हावी म्हणून त्यांनी काय नाही केलं! नातवंडांच्या हाती खडू दिले. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं. हळदीचा हात भिंतीला पुसला. सुना मात्र गुणाच्या, घरी आल्या की मागून ओलं फडकं फिरवायच्या. "सगला गेला रं पुसून! कसला मेला चिवट रंग दिलास?" त्या माझ्यावर कडाडल्या. इतकी वर्षं धंदा केला, रंग टिकतो म्हणून तक्रार घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

पुढच्या श्रावणात पुन्हा टकटक झाली. मी मान वर केली.

"हलक्यातला दे. आकाशी."

"काकी, घराला तर..."

"एकच भिंत. गनपतीच्या मागची. मखर उठून दिसाला पाहिजे का नको?" त्यांच्या डोळ्यांत मिस्कील काहीतरी हललं.

माझ्यातला दुकानदार जागा झाला. "अहो, भारीतल्यावर हलक्यातला धरत नाही. ती भिंत गुळगुळीत असते. पॉलिश पेपरने कितीही घासली तरी वर्षात पापुद्रे निघतील."

"निघतील? नक्की?"

"नक्की."

"मग दोन डबे दे," काकी म्हणाल्या आणि पहिल्या डब्यात करंगळी बुडवली.

ठिपका सुकेपर्यंत त्यांनी सगळा बेत मला ऐकवला. त्यात माझंही काम होतं. मी दोघांनाही फोन करायचा आणि सांगायचं की भिंत घासायचं काम एकट्याचं नाही, एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खाली धरायचं. "तू सांगितलास तं आयकतील. मी सांगितला तं आईचा खूल म्हनतील."

मी फोन केले. मोठा म्हणाला, "काका, तुमच्याकडचे दोन रंगारी पाठवा ना." समोरच माझे रंगारी पायरीवर बसून वडापाव खात होते. मी म्हणालो, "गणपतीच्या तोंडावर माणूस मिळणं मुश्कील हो." काकींनी स्टुलावरून पसंतीची मान हलवली. धाकट्याने फक्त एवढंच विचारलं, "तो येणार आहे का?" मी म्हणालो, "शिडी तर लागणारच."

आणि दोघेही आले. एका भिंतीसाठी अख्खं घर जमलं. जावईबापूंना लावायला ब्रश उरला नाही, म्हणून त्यांना वाल सोलायला बसवलं. मी मुद्दाम डोकावलो, तेव्हा धाकटा शिडीवर होता आणि मोठा खाली. "डावीकडे," वरून आवाज आला. "सरकवतोय, थांब जरा," खालून. मग मोठ्याने विचारलं, "पोराची ॲडमिशन झाली का?" काकी खुर्चीत बसल्या होत्या. या वेळी त्यांनी कोणाचाही राहिलेला कोपरा दाखवला नाही. नुसत्या बसून होत्या.

वर्षभरात पापुद्रे निघाले. मी शब्द दिलाच होता. पुढच्या वर्षीही निघाले आणि त्याच्या पुढच्याही. बाकीच्या घराची भिंत पुसली की नव्यासारखी, आणि गणपतीमागची तेवढी दर पावसाळ्यात सोललेली. सोसायट्यांमधून येणारे पाहुणे विचारायचे, इथे ओल आहे का? काकी म्हणायच्या, "हव् ना. जुनी हाय."

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात काकी गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला काही करायला न लावता. पुढच्या श्रावणात घरात सण नव्हता, दुकानाकडे कोणी फिरकलं नाही. मला ते समजत होतं. तरी टकटक झाल्यासारखं वाटून मी दोन-तीनदा मान वर केली. त्यांची फार आठवण यायची. काउंटरच्या कडेला आकाशी ठिपक्यांची ओळ आहे, तिच्यापुढे मोकळं लाकूड होतं. मला वाटलं, शिडी धरायला लावणारं माणूस गेलं, आता कोण कशाला येतंय?

या श्रावणात एका दुपारी मी पाठमोरा होऊन डबे लावत होतो. मागे टकटक झाली.

वळून बघितलं, तर दोघे भाऊ उभे. एकाच गाडीवरून आले होते. "काका, हलक्यातला द्या," मोठा म्हणाला. "तोच, आकाशी."

माझा स्वभाव काही जात नाही. आणि खरं तर मला ऐकायचंच होतं. मी म्हणालो, "आता ती भिंतही भारीतल्यात करून टाका ना. एकदाच त्रास. दहा वर्षं बघायला नको."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मग पुढच्या वर्षी काय करायचं?" धाकटा म्हणाला.

मी डबा काढला आणि झाकण उघडलं. मोठ्याने करंगळी बुडवून काउंटरच्या कडेला, शेवटच्या ठिपक्याच्या शेजारी ठिपका दिला. धाकट्याने स्टूल ओढलं. मी चहा सांगितला.