विमानात परत मिळालेला टॅबलेट

विमानात बसल्याबसल्या आमच्या शिक्षण विभागातल्या साहेबांनी बॅगेतून टॅबलेट काढून माझ्या हातात दिला. कव्हर नवं कोरं होतं, त्यामुळे मला तो आधी ओळखू आला नाही. कव्हर उघडलं तर काचेच्या वरच्या कोपऱ्यात तडा दिसला. आमच्या पहिलीतल्या एका मुलीच्या हातून तो ओट्यावर पडला होता, तेव्हाचा. मागे पोरांनी चिकटवलेला मोर कोणीतरी नखाने खरवडला होता, पण शेपटी तशीच होती. हा माझ्या शाळेचा टॅबलेट होता. साहेबांनी तो वर्षभरापूर्वी तपासणीसाठी म्हणून नेला होता आणि आठ दिवसांत परत करतो म्हणाले होते.

मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात शिक्षिका. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचं. वडील राइस मिलमध्ये पोती वाहायचे, आणि आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली. त्या गावात रुजू झाले तेव्हा मला गोंडीचा एक शब्द येत नव्हता. मी फळ्यावर ‘पाणी’ लिहायची आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. त्यांच्या घरी पाण्याला ‘येर’ म्हणतात हे मला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी सांगितलं. साठीच्या पुढच्या होत्या त्या. भांडी घासून झाली की दुपारी त्या एकेक शब्द सांगायच्या, मी टॅबलेटवर त्यांचा आवाज भरून घ्यायची आणि तिथेच, व्हरांड्यात बसून वहीत त्या शब्दाचं चित्र काढून त्याचा फोटोही टॅबलेटवर घ्यायची. तीन वर्षांत तीनशेच्या वर शब्द झाले. पोरं वाचू लागली.

साहेब एकदाच आले. खूप कौतुक केलं, खिचडी खाल्ली आणि टॅबलेट घेऊन गेले. पुढे कळलं की दिल्लीच्या एका कार्यक्रमात ‘त्यांचा’ उपक्रम निवडला गेलाय. त्याचं पुस्तकही निघणार होतं, मुखपृष्ठावर त्यांचं नाव, आत माझी चित्रं. मी फोन करून विचारलं तर ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “नावाचं काय मॅडम, काम मुलांसाठी आहे ना?”

हे एक वाक्य मी कित्येक महिने चघळत राहिले. पोळ्या लाटताना, मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून शाळेत जाताना. नंतर त्यांनी मलाही दिल्लीला चला म्हटलं. कोणी गोंडीतलं काही विचारलं तर सांगायला माणूस हवं होतं. मी लगेच हो म्हटलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण काहीतरी करायला जातेय हे मला पक्कं माहीत होतं.

नागपूरहून दुपारचं विमान होतं. माझा पहिलाच विमानप्रवास. साहेब खिडकीशी, मी मधल्या सीटवर. टॅबलेटवरच्या त्यांच्या सादरीकरणात गोंडी शब्दांची अक्षरं फुटून चौकोन चौकोन दिसत होती. तेवढं नीट करून टाका, दीड-पावणेदोन तास आहेत, असं सांगून त्यांनी मान टेकवली. हवाईसुंदरीने टॅबलेट आत ठेवायला सांगितला, तेव्हा मी तो समोरच्या कप्प्यात सरकवला आणि विमान वर चढेपर्यंत त्यावर हात ठेवून बसले. पट्टे सोडायची घंटा वाजली तोवर साहेब तोंड उघडं टाकून घोरायला लागले होते.

मी समोरचा ट्रे उघडला आणि कामाला लागले. विमानात नेट नव्हतं. मी काय करत होते ते मला आणि त्या टॅबलेटलाच ठाऊक राहणार होतं.

आधी मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. गोंडीतल्या दोन-तीन शिव्या मला पोरांकडूनच कळल्या होत्या. त्या मी चार पानांवर, आई, पाणी अशा चित्रांखाली टाकल्या. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते भर सभेत माईकवरून त्या मोठ्याने वाचतील, मग समोरचा कोणी जाणकार उठेल, हे सगळं मी डोळ्यांपुढे आणलं आणि मला इतकं बरं वाटलं की हवाईसुंदरीने दिलेलं पाणीसुद्धा गोड लागलं.

मग आवाज नीट वाजतात का ते बघायला कानात इअरफोन घातले. एका शब्दामागे आमच्या पोरांचा कोरस होता. पुंगार, पुंगार, पुंगार. फूल. सगळे गळा फाडून ओरडत होते. मी ऐकत राहिले आणि लक्षात आलं, सभेतले लोक हसले तर साहेबांना नाही, या भाषेला हसतील. मी चारही पानं पूर्ववत केली. साहेबांची दया आली म्हणून नाही.

जुन्या फाइली चाळताना अगदी पहिल्या दिवसाची रेकॉर्डिंग सापडली. साहेबांनी काही पुसलंच नव्हतं, तेवढीही तसदी घेतली नव्हती. त्यात खिचडीवाल्या बाई म्हणत होत्या, “मी या शाळेत खिचडी रांधते. या मास्तरीणले आमची भाषा येत नाई, पोरं हासतात तिले. म्हणून तिले शिकवून राह्यली मी.” मागे कोंबडी ओरडत होती.

ते ऐकताना मला माझी वही आठवली. तिच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत नाव घातलं होतं, तेही फक्त माझं. बाईंचं कुठेच नव्हतं. मान खाली घालावीशी वाटली, पण राग काही कमी झाला नाही. मी ती रेकॉर्डिंग पहिल्याच पानाला जोडली, पान उघडताच आपोआप वाजेल अशी. आवाज पूर्ण वाढवला. फुटलेली अक्षरंही प्रामाणिकपणे नीट केली. साहेबांचं नाव मोठ्या टायपात होतं तिथेच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात साहेब बोलायला उभे राहिले. मी पहिल्यांदा त्या गावात गेलो तेव्हा मुलं मुकी बसून होती, अशी सुरुवात त्यांनी केली आणि पान उघडलं. बाईंचा आवाज माझ्या अंदाजापेक्षा फार मोठा निघाला. कोंबडीसुद्धा. साहेबांनी घाईघाईने काचेवर बोट दाबलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्यांनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि जागची हलले नाही.

अध्यक्षस्थानी एक बाई होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं की ही मास्तरीण कोण. आमच्या टीममधल्याच आहेत, साहेब हसत म्हणाले. मग मी उभी राहिले. माझी हिंदी मोडकी, तरी सांगितलं की टीम वगैरे काही नव्हती. शब्द खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे, चित्रं माझी, आणि साहेब गावात एकदाच आले होते, हा टॅबलेट न्यायला. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि तेवढं मला पुरलं.

परतताना विमानतळावर तपासणीच्या रांगेत टॅबलेट बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो. पट्ट्यावरून तो पलीकडे आला तेव्हा मी साहेबांच्या पुढे होते. मी तो उचलून माझ्या पिशवीत टाकला.

“हे सगळं तुम्ही मुद्दाम केलं,” ते हळू आवाजात म्हणाले.

“हो सर.”

“याचा तुम्हाला त्रास होईल.”

झाला. दोन महिन्यांत मला नाल्यापलीकडच्या शाळेवर पाठवलं. पावसाळ्यात तो नाला भरला की दोन-दोन दिवस अलीकडे येता येत नसे, आणि दीड वर्ष मी तसं काढलं. पुस्तकही छापलं गेलं नाही, त्यांच्या नावाने नाही आणि आमच्याही नाही. मी गप्प बसले असते तर पोरांच्या हातात काहीतरी पडलं असतं, असं अजूनही कधी मनात येतं. पण साहेबांचा तो गोड आवाज आठवला की तो विचार फार टिकत नाही.

दिल्लीहून आल्यावर मी सगळ्यात आधी खिचडीवाल्या बाईंकडे गेले होते. वहीत माझ्या आधी त्यांचं नाव लिहून त्यांना दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, अन् नावाचं फारसं कौतुकही नव्हतं. त्यांनी वही बाजूला ठेवली.

“ते राहू दे. त्याचं तोंड कसं झालं होतं ते सांग मले.”

मी उठून त्यांच्या अंगणात साहेबांसारखी उभी राहिले, बोटाने हवेतच काच दाबली आणि तोंड वासलं. बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग म्हणाल्या, अजून एकदा कर. मी केलं, आणि या खेपेला थोडं वाढवूनच केलं.