शेजारणीचं गोणपाट

आमच्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात सुटका करून आणलेलं एक सूर्य-अस्वल आहे, छातीवर पिवळा चट्टा असलेलं छोट्या जातीचं. कुणाच्या तरी घरी पिंजऱ्यात वाढलेलं. दुसरं अस्वल त्याने कधी पाहिलेलंच नाही. आता शेजारी मादी आणलीय.

"तिच्या अंथरुणातलं गोणपाट याला दिलंय," राखणदार म्हणाला. "वास मानवला की मधलं दार उघडू."

"आमच्या वेळी नुसत्या पोह्यांवर भागलं हो," बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

अस्वलाने गोणपाट हुंगलं. मग ते भिंतीकडे तोंड करून, पंजा चोखत गुणगुणत बसलं. एकटं वाटलं की मीही घरात असाच गुणगुणतो. बायको त्याला माझं बेसूर गाणं समजते.

निघायची शिट्टी झाली तेव्हा अस्वलाचा एक पंजा मागे, गोणपाटावर टेकला होता. तोंड मात्र भिंतीकडेच होतं.